आधी तिथी, मग खोली

समुद्राला जायचं ठरलं की घरात पहिला प्रश्न निघतो तो खोलीचा. एसी आहे का, किनारा चालत जाण्यासारखा आहे का, जेवण घरगुती मिळेल का. मग गाडी कोणाची, किती जण मावतील, पुढे कोण बसणार. निघायच्या आदल्या रात्रीपर्यंत हे सगळं मिटतं. आपण किनाऱ्यावर उभे राहू तेव्हा समुद्र नेमका कुठं असेल, हे मात्र कोणीच विचारत नाही.

प्रश्न चेष्टेचा वाटेल, पण अलिबागच्या किनाऱ्यावर एखाद्या रविवारी जाऊन बघावं. समोर कुलाबा किल्ला, हाताच्या अंतरावर वाटावा असा, आणि मध्ये पाणी. सकाळी लोक त्याच वाटेनं चालत जाऊन आलेले असतात. दुपारी आलेली मंडळी काठावरून फोटो काढतात, भेळ खातात, पोरांना घोड्यावर बसवतात आणि परत निघतात. त्यातलं एखादं कुटुंब मराठवाड्यातून चारेकशे किलोमीटर आलेलं असतं. किल्ला बंद नव्हता, वेळ चुकली होती. आणि ती वेळ घरबसल्या, महिनाभर आधी, भिंतीवरच्या दिनदर्शिकेतून काढता आली असती.

लिंबागणेशाचं उदाहरण घेऊ. बीड तालुक्यातलं, बालाघाटाच्या माथ्यावरचं, मांजरसुंब्याहून पाटोद्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं गाव. अरबी समुद्र इथून सरळ रेषेत पावणेतीनशे-तीनशे किलोमीटर. या डोंगरातला पाऊससुद्धा तिकडं जात नाही. बिंदुसरेनं जावो की मांजरेनं, तो शेवटी गोदावरीत मिळतो आणि आंध्रातून बंगालच्या उपसागरात उतरतो. समुद्राचं आणि या गावाचं नातं लागावं असं वरकरणी काही नाही. पण गावचा गणपती भालचंद्र आहे. संकष्टीला चंद्र उगवेपर्यंत न जेवणारी माणसं इथं घरोघरी आहेत आणि आज कोणती तिथी, हे इथं मोबाइलला विचारावं लागत नाही. समुद्राच्या सहलीसाठी एवढं भांडवल पुरेसं आहे, कारण भरती-ओहोटीचं वेळापत्रक चंद्रच लावतो.

शाळेच्या भूगोलात हे सगळ्यांनी वाचलेलं असतं. चंद्राच्या आणि काही अंशी सूर्याच्या ओढीनं समुद्राचं पाणी चढतं-उतरतं. दिवसातून दोनदा भरती, दोनदा ओहोटी. चंद्र रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा येतो, म्हणून भरतीही रोज तेवढीच पुढं सरकते. अमावास्या-पौर्णिमेला सूर्य आणि चंद्र एका रेषेत येऊन ओढतात, ती उधाणाची भरती. तेव्हा पाणी जितकं वर चढतं तितकंच ओहोटीला खाली जातं. अष्टमीच्या सुमारास दोघांची ओढ काटकोनात, ती भांगाची भरती. चढ कमी, उतारही कमी.

पुस्तकात नसतो तो किनाऱ्यावरचा हिशेब. मुंबई-अलिबागच्या पट्ट्यात जुनी माणसं तिथीची पाऊणपट करतात. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण, म्हणजे तीन. दुपारी तीनला आणि रात्री तीनला पूर्ण भरती. अष्टमीला सहा वाजता. तिथी शुक्ल पक्षातली असो की वद्य पक्षातली, उत्तर तेच. भरतीच्या वेळेत सव्वासहा तास मिळवले किंवा वजा केले की ओहोटी. म्हणजे चतुर्थीला सकाळी नऊच्या आसपास पाणी सर्वांत मागं गेलेलं असतं. हिशेब ढोबळ आहे, अर्धा-पाऊण तास इकडंतिकडं होतो. पौर्णिमेजवळ तो जरा जास्तच लंगडतो. निघायच्या आदल्या दिवशी भरतीचं छापील किंवा मोबाइलवरचं वेळापत्रक बघावंच. पण कोणता रविवार निवडायचा, हे ठरवायला पाऊणपट पुरते. फक्त हा पाढा घेऊन चेन्नईला किंवा इंग्लंडला जाऊ नये. प्रत्येक किनाऱ्याची खोली आणि आकार वेगळा, त्यामुळे चंद्र तोच असला तरी पाणी तिथं वेगळ्या वेळी चढतं.

याच पट्ट्यात आणखी एक सोयीची गोष्ट आहे. चंद्र डोक्यावर असताना साधारण भरती आणि तो क्षितिजाशी असताना, म्हणजे उगवताना किंवा मावळताना, साधारण ओहोटी. संकष्टीच्या रात्री नऊच्या आगेमागे लिंबागणेशात चंद्राला ओवाळून लोक ताटावर बसतात, त्या सुमारास अलिबागचं पाणी किल्ल्यापासून मागं हटलेलं असतं.

आता बेत. शुक्रवारी संध्याकाळी निघायचं, रात्री पुण्यात मुक्काम. हडपसर, चाकण, पिंपरी-चिंचवड, कुठं ना कुठं गावातल्या प्रत्येक घराचं कोणीतरी असतंच. फक्त आधी फोन करावा, दाराशी गेल्यावर नाही. शनिवारी सकाळी पुणं सोडलं की खोपोली-पेणवरून दुपारपर्यंत अलिबाग. रविवारी सकाळी किल्ला, जेवण करून परत, पुन्हा पुण्यात थांबून सोमवारी गावी. तीन दिवसांच्या सहलीत समुद्राच्या वाट्याला येतो जेमतेम एक दिवस, आणि त्यातली खरी किमतीची वेळ एकच, रविवारची सकाळ. म्हणून रविवारी चतुर्थी, पंचमी किंवा षष्ठी असावी. ओहोटी नऊ ते साडेदहाच्या मध्ये येते, ऊन चढलेलं नसतं, नाश्ता झालेला असतो. माझं मत पंचमीच्या बाजूनं आहे. वद्य चतुर्थी घ्याल तर निम्मं घर उपाशी आणि कोकणात जाऊन साबुदाणा खायचा. त्यातून कोणी गणपतीपुळ्याचा हट्ट धरला, तर दर्शनाच्या रांगेतच सुट्टी संपेल.

असे रविवार दुर्मीळ नसतात. पक्ष पावणेपंधरा दिवसांचा, दोन आठवडे चौदा दिवसांचे. त्यामुळे या रविवारी पंचमी असेल तर एक रविवार सोडून पुढच्याला पुन्हा चतुर्थी-पंचमीच्या जवळ काहीतरी येतं. मधल्या रविवारी एकादशी-द्वादशी. तेव्हा ओहोटी दुपारी दोन-तीनला. तीही चालते, पण परतीचा प्रवास लांबतो. पौर्णिमेच्या चांदण्याचा मोह सगळ्यांना पडतो. त्या दिवशी ओहोटी सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला. वाळू मैलभर मोकळी, पोरांना धावायला छान, पण किल्ल्यासाठी कुचकामी. संध्याकाळी सहाला आत जाल तर अंधारात पाणी मागून येतं. अष्टमीला ओहोटी भर दुपारी असली, तरी भांग असल्यानं वाट पुरती उघडी पडेलच असं नाही.

किल्ल्याबद्दल थोडं जास्त लिहावं लागेल. १६८० मध्ये शिवाजी महाराजांनी त्याच्या बांधकामाला हात घातला, संभाजी महाराजांच्या काळात ते पुरं झालं, पुढं कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचं हे मोठं ठाणं झालं. आत राघोजी आंग्र्यांनी १७५९ मध्ये बांधलेलं गणपतीचं देऊळ आहे, शेजारी पुष्करणी आहे आणि चहूबाजूंनी खारं पाणी असताना आत गोड्या पाण्याची विहीर आहे. भालचंद्राच्या गावाहून आलेल्या माणसाला दर्शनाची वेळ इथं पुजारी सांगत नाही, चंद्र सांगतो.

जायचं कधी आणि निघायचं कधी, हे नीट समजून घ्यावं. पाणी सहा तासांत एका चालीनं चढत नाही. एकूण चढाचे बारा भाग केले तर पहिल्या तासात एक भाग चढतो, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, मग पुन्हा दोन आणि एक. म्हणजे मधल्या दोन तासांत निम्मं पाणी येतं. फसवतो तो पहिला तास. तेव्हा पाणी जागचं हललेलं दिसत नाही, माणूस तटावर बसून शेंगा सोलत राहतो. तिसऱ्या तासात परतीची वाट गुडघाभर होते, मग कमरेपर्यंत. साधा नियम असा: ओहोटीच्या तास-दीड तास आधी निघावं आणि पाणी पुरतं ओसरल्यानंतर तासाभरात परतीला लागावं. घोडागाडीवाला ‘अजून वेळ आहे’ म्हणाला तर त्याचं ऐकावं, ‘चला’ म्हणाला तर त्याहून जास्त ऐकावं. श्रीवर्धनजवळच्या हरिहरेश्वरालाही हेच लागू. देवळामागची प्रदक्षिणेची वाट खडकांतून समुद्राशी उतरते आणि ती ओहोटीतच करायची असते.

इंग्लंडमध्ये लिंडिसफार्न नावाचं बेट असंच आहे. मुख्य भूमीला जोडणारा रस्ता दिवसातून दोनदा पाण्याखाली जातो, आणि सुरक्षित वेळांचे फलक लावलेले असूनही गाड्या अडकतात. वेस्टन-सुपर-मेअर या गावी तर भरती-ओहोटीतला फरक इतका मोठा, की ओहोटीला समुद्र मैलभर मागं जाऊन नुसता चिखल उरतो. समुद्र बघायला आलेला पाहुणा चिखल बघून जातो.

समुद्रकाठी दोन-तीन दिवस काढायची ही रीत रुजवली ती इंग्रजांनीच. अठराव्या शतकाच्या मध्याला रिचर्ड रसेल नावाच्या डॉक्टरनं समुद्राचं पाणी औषधी म्हणून सांगायला सुरुवात केली आणि श्रीमंत रोगी ब्रायटनला जाऊ लागले. गरिबांना समुद्र दिसला तो आगगाडीनं. लंडन-ब्रायटन रेल्वे १८४१ ची. लँकेशरच्या कापडगिरण्या वर्षातून काही दिवस बंद राहत, तेव्हा अख्खं गाव ब्लॅकपूलला लोटे. १८७१ मध्ये कायद्यानं बँक हॉलिडे आले आणि १९३८ मध्ये भरपगारी रजेचा कायदा. डॉक्टरनं हवा केली खरी, पण गिरणी कामगाराला किनाऱ्यावर नेलं ते रेल्वेनं आणि रजेनं.

बीडला पहिली रेल्वे आली १७ सप्टेंबर २०२५ ला, अहिल्यानगरहून. भरपगारी रजा शिक्षकाला, बँकेतल्या माणसाला, एसटीच्या वाहकाला आहे. कोरडवाहू शेतकऱ्याला ती कोण देणार? आणि ऊसतोडीला जाणाऱ्यांचं तर आणखी विपरीत. किनाऱ्याचा चांगला हंगाम दिवाळीपासून फेब्रुवारीपर्यंतचा, नेमके तेच महिने कोयता घेऊन फडात. जिल्ह्यातली ही माणसं दरवर्षी शेकडो किलोमीटर प्रवास करतात, पण त्याला सहल म्हणत नाहीत. त्यांच्यासाठी उरतो एप्रिल-मे. उकाडा असतो, मुलांना सुट्टी असते, खोल्या महाग असतात. मेअखेर समुद्र खवळायला लागतो. १ जूनपासून दोन महिने मासेमारी बंद, आणि जंजिऱ्याच्या होड्याही पावसाळ्यात बंद असतात.

खर्चाचं गणित मात्र पूर्वीपेक्षा बरं आहे. एसटीत महिलांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट, ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना अर्धं आणि ७५ च्या पुढच्यांना फुकट. आजी, आई, सून आणि नात अशा चौघी निघाल्या तर भाड्याच्या जीपपेक्षा लाल गाडी कितीतरी स्वस्त. पुरुषांसाठी ‘आवडेल तेथे प्रवास’चा चार दिवसांचा पास आहे. १९८८ पासून ही योजना चालू आहे, तरी निम्म्या लोकांच्या गावी नसते. पास घ्यावा की तिकिटं काढावीत, हे आगारात बसून आधी मांडून बघावं.

पाण्यात उतरायचं तेही वेळ बघून. शनिवारी चतुर्थी असेल तर तीनला भरती पूर्ण होते, त्यानंतर पाणी मागं फिरतं. सगळे पाण्यात शिरतात ते पाचनंतर, सूर्य मावळताना, म्हणजे नेमके ओहोटीत, जेव्हा पायाखालची वाळूही समुद्राकडे सरकत असते. विहिरीत सूर मारणाऱ्या आपल्याकडच्या पोरांना हे पटत नाही. विहिरीचं पाणी ओढत नाही. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले महाविद्यालयीन विद्यार्थी बुडाले. भिजायची हौस दुपारी एक ते तीनच्या दरम्यान, पाणी चढत असताना, गुडघ्यापर्यंत भागवावी. संध्याकाळी वाळूतच बसावं. गाडी वाळूत घालू नये. ती रुतते, आणि ट्रॅक्टर शोधेपर्यंत पाणी चाकाला लागतं.

आणि खोली? ती घ्यावी कोणतीही, ‘घरगुती राहण्याची व जेवणाची सोय’ अशी पाटी असली की झालं. तांदळाची भाकरी ज्वारीच्या भाकरीसारखी लागत नाही, अशी तक्रार पहिल्या घासाला होईल. सोलकढी पुढं आली की ती थांबते. फक्त खोली सांगताना मालकांना रविवारचा नाश्ता सातला लागेल, हे आधीच बजावून ठेवावं. पंचमीच्या दिवशी नऊ वाजता पोहे आले तर किल्ला हातचा जातो.