गाडीचा तळ आणि डेंटरचा हात

वसईत जुन्या गाडीचा पत्रा टिकवणं हे सोपं काम नाही. पश्चिमेला समुद्र, दक्षिणेला खाडी, नायगावकडे मिठागरं, हवेतच खार. त्यात चार महिने पाऊस. जुलै 2018 मध्ये तर वसईत घराघरांत पाणी शिरलं होतं. असं पाणी गाडीतून ओसरतं, पण मॅटखालचा फोम ओला राहतो आणि तळाचा पत्रा गुपचूप सडू लागतो. गंज सच्छिद्र असल्यामुळे ओल धरून ठेवतो आणि मिठामुळे तो अधिकच झपाट्याने पसरतो.

ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी कायमची गेली. खासगी गाड्यांना मात्र 15 वर्षांनंतर दर 5 वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण करून घेता येतं, म्हणून कुर्ल्यात बनलेली पद्मिनी किंवा जुनी मारुती 800 अजून कुणाकुणाच्या दारात दिसते. या गाड्यांना ट्रकसारखी वेगळी चेसिस नसते. तळ, दाराखालच्या पेट्या, खांब आणि छप्पर मिळूनच सांगाडा होतो. सीट ज्या पत्र्यावर बोल्टने आवळलेली असते तोच सडला, तर धडकेत माणसाला धरून ठेवणार कोण?

म्हणून चांगला डेंटर आधी सीट आणि मॅट काढून अख्खा तळ उघडा करतो. हातोडीने ठोकत जातो. खणखणीत आवाज आला तर पत्रा शाबूत, बद्द आला तर पोखरलेला. शंकेच्या जागी स्क्रूड्रायव्हर दाबतो. तो आरपार गेला, की भोकाभोवती खडूने रेघ ओढतो, तीही चांगला पत्रा लागेपर्यंत लांब. बॅटरीची वायर सोडवतो, पेट्रोलचा पाइप बाजूला घेतो आणि मगच ग्राइंडर चालवतो. मोठा भाग कापायचा असेल तर बॉडीला खालून आधार देतो. नाहीतर ती बसते आणि दारं लागेनाशी होतात.

खरी परीक्षा पुढे असते. कापलेल्या जागी बसवलेला सपाट तुकडा गाडी चालताना थरथरतो, म्हणून मूळ तळावर असतात तशा उभार रेषा नव्या पत्र्यावर ठोकून काढाव्या लागतात. वेल्डिंगही एका दमात करायचं नसतं. एक टाका इथे, दुसरा पलीकडे, मधे पत्रा थंड होऊ द्यायचा. सलग तापला तर तो वाकतो. शेवटी सांध्यांवर सीलंट, वरखाली प्रायमर आणि खालून अंडरकोटिंग.

गंजावर फायबर चिकटवून वर काळा रंग मारला, तरी हे काम झाल्यासारखं दिसतं. पण त्यात ताकद नसते आणि आतला गंज चालूच राहतो. त्यामुळे मालकाने मॅट पुन्हा अंथरण्याआधी गॅरेजमध्ये जाऊन उघडा तळ, प्रत्येक सांधा स्वतः बघावा. प्रामाणिक डेंटर तो आनंदाने दाखवतो. अशा कामाची मजुरी देताना घासाघीस करू नये. घरच्यांचा जीव त्या पत्र्यावर बसणार असतो.