उपकरणाधारित उड्डाण, लहान विमानांचे

ढग, धुके किंवा पाऊस यांमुळे जमीन व क्षितिज दिसत नसताना केवळ उपकरणांच्या साहाय्याने केलेल्या उड्डाणास उपकरणाधारित उड्डाण म्हणतात. बाहेरचे दृश्य नाहीसे झाले की, कानातील समतोलेंद्रियाची जाणीव फसवी ठरते व विमान वळत असतानाही ते सरळ जात असल्याचा भास होतो. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात १९५४ मध्ये या उड्डाणाचे शिक्षण नसलेल्या २० वैमानिकांवर प्रयोग करण्यात आला. बाहेरचे दृश्य झाकताच सर्वांचाच विमानावरील ताबा सुटला. त्यास सरासरी १७८ सेकंद लागले. म्हणूनच अशा उड्डाणासाठी कोणती साधने असावीत, हे कायद्याने ठरविलेले आहे.

जेम्स डूलिटल यांनी २४ सप्टेंबर १९२९ रोजी न्यूयॉर्क राज्यातील मिचेल फील्ड येथे आच्छादित कक्षात बसून विमान उडविले व उतरविले. त्यांनी वापरलेली कृत्रिम क्षितिज, घूर्णी दिशादर्शक [→ घूर्णी] व सूक्ष्म तुंगतामापक ही साधने अमेरिकेच्या आजच्या नियमांतही आहेत. विमानचालन नियमांच्या ९१ व्या भागातील २०५ व्या कलमानुसार, दृश्य उड्डाणास लागणाऱ्या साधनांखेरीज, यांच्या जोडीला वळणाचा वेग व घसरण दर्शविणारी साधने, सेकंद दाखविणारे घड्याळ, पुरेशा क्षमतेचे विद्युत् जनित्र आणि दुतर्फा संदेशवहनाचा रेडिओ लागतो.

मार्गनिर्देशन साधनांबाबत मात्र कायदा कोणत्याही विशिष्ट यंत्राचे नाव घेत नाही. साधन ‘नियोजित मार्गास योग्य’ असावे, एवढीच अट आहे. मार्ग व्हीओआर या भू-रेडिओ केंद्रांवर आधारलेला असल्यास त्यांचा ग्राहक लागतो. मार्ग उपग्रहाधारित असल्यास मान्यताप्राप्त जीपीएस ग्राहक लागतो. हातात धरावयाचा जीपीएस संच त्याऐवजी चालत नाही.

साधन नुसते असून भागत नाही; ते विश्वसनीय असावे लागते. उड्डाणापूर्वीच्या ३० दिवसांत व्हीओआर ग्राहकाची तपासणी होऊन तिची नोंद झालेली असावी लागते. जमिनीवरील तपासणीत ४ अंशांपर्यंत व हवेतील तपासणीत ६ अंशांपर्यंत चूक चालते. केंद्रापासून ६० सागरी मैलांवर एका अंशाची चूक म्हणजे सु. एक सागरी मैलाचे विचलन होय. व्हीओआर हवाई मार्ग सामान्यतः मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंस ४ सागरी मैल रुंद असतो. डोंगरांपासून सुरक्षित अंतराची हमी या पट्ट्यापुरतीच गृहीत असल्याने ग्राहकातील थोडी चूकही जीवघेणी ठरू शकते. नियंत्रित अवकाशात अशा उड्डाणासाठी तुंगतामापक व स्थिर दाब प्रणाली यांची तपासणीही दर २४ महिन्यांनी करावी लागते.

जुन्या पद्धतीचे जीपीएस ग्राहक उपग्रहांच्या संकेतांची विश्वसनीयता स्वतः पडताळतात. परंतु त्यासाठी आवश्यक तितके उपग्रह दृष्टिपथात नसल्यास ही पडताळणी होत नाही. म्हणून त्यांच्यासोबत मार्गास योग्य असे दुसरे साधन विमानात असावे लागते. २००३ मध्ये कार्यान्वित झालेल्या वॉस या उपग्रहाधारित संवर्धन प्रणालीचा उपयोग करणाऱ्या ग्राहकांना ही अट नाही.

कायद्याने ठरविलेली साधने ही किमान मर्यादा होय. एकाच इंजिनाच्या लहान विमानात जनित्र बंद पडल्यास विद्युत् घटमाला संपताच रेडिओ व मार्गनिर्देशन साधने एकाच वेळी निकामी होतात. म्हणून स्वतंत्र शक्तीवर चालणारे पर्यायी साधन, कायद्याने मोजले जात नसले तरी, जवळ बाळगणे हितावह असते. नियोजित मार्गास विमानातील साधने पुरेशी आहेत की नाहीत, हे उड्डाणापूर्वी ठरविण्याची जबाबदारी अखेरीस वैमानिकाचीच असते.