विज्ञानकथेची गोडी आणि विज्ञानाची जिज्ञासा



भडगाव तालुक्यातील एका शाळेत सातवीच्या वर्गावर असताना घडलेला एक प्रसंग प्रथम सांगतो. शाळेच्या ग्रंथपेटीत जूल व्हर्न या फ्रेंच लेखकाच्या कथेचा भा. रा. भागवत यांनी केलेला ‘चंद्रावर स्वारी’ हा मराठी अवतार होता. एका विद्यार्थ्याने ते पुस्तक दोन दिवसांत वाचून संपविले आणि तिसऱ्या दिवशी भर तासात उभे राहून विचारले, “गुरुजी, तोफेच्या गोळ्यात बसून माणूस चंद्राकडे निघाला, तर तो जगेल का?” त्या वेळी घटकचाचणी तोंडावर आली होती. मी म्हणालो, “अरे, ती गोष्ट आहे. गोष्टीत सर्व काही चालते.” वर्ग हसला, मुलगा खाली बसला. तो वर्षभर नियमित शाळेत येत राहिला, पण पुन्हा त्याने प्रश्न म्हणून विचारला नाही. प्रस्तुत लेख हे त्या उत्तराचे प्रायश्चित्त समजावे.

विज्ञानकथा आवडणाऱ्या मुलाला विज्ञानही आवडेल, असे आपण पुष्कळदा गृहीत धरतो. तसे ते सरळ नाही. केवळ अद्भुताच्या ओढीने अशा कथा वाचणारी मुले पुष्कळ असतात; त्यांना राक्षसाची गोष्ट व परग्रहवासीयाची गोष्ट यांत फारसा भेद वाटत नाही. उलट, आयुष्यात एकही विज्ञानकथा न वाचलेले नामवंत शास्त्रज्ञही असतील. तेव्हा कथेची गोडी व विज्ञानाची जिज्ञासा या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. मात्र त्या दोहोंच्या मधे एक अरुंद पायवाट आहे, आणि ती ‘खरेच असे होईल का?’ या प्रश्नातून जाते. त्या दिवशी माझ्या वर्गात तो मुलगा नेमका त्या पायवाटेवर उभा होता.

त्याच्या प्रश्नाचे उत्तर आज आपण काढून पाहू. व्हर्नची मूळ कादंबरी १८६५ साली प्रसिद्ध झाली. तीत जमिनीत ओतलेली ९०० फूट, म्हणजे सुमारे २७० मीटर लांबीची तोफ आहे, आणि गोळ्याचा वेग सेकंदाला सुमारे ११ किलोमीटर आहे. पृथ्वीच्या आकर्षणातून सुटण्यास साधारण एवढाच वेग लागतो. म्हणजे लेखकाने हा आकडा विचारपूर्वक घेतला होता. आता तोफेच्या तळाशी वेग शून्य आणि तोंडाशी ११,००० मीटर. सरासरी ५,५०० मीटर. गोळ्याला तोफेची संपूर्ण लांबी मिळाली असे धरले, तरी २७० भागिले ५,५०० म्हणजे सेकंदाचा सुमारे विसावा भाग एवढाच काळ त्याला मिळतो. इतक्या अल्प काळात एवढा वेग घेताना आतील माणसावर त्याच्या वजनाच्या सुमारे बावीस हजार पट दाब येईल. ३० किलो वजनाच्या मुलाला आपले वजन साडेसहाशे टनांहून अधिक झाल्यासारखे वाटेल. १६ टनांच्या चाळीस मालमोटारी अंगावर ठेवल्यासारखे! ‘वाटेल’ हा शब्दही चुकीचाच, कारण वाटण्यास कोणी उरणार नाही. व्हर्नने धक्का सोसण्यासाठी गोळ्यात पाण्याची गादी योजली आहे. पण तिचा येथे काही उपयोग नाही. हा सर्व हिशेब सरासरी आणि भागाकार एवढ्यावर होतो. सातवीच्या मुलांना तो फळ्यावर सहज करून दाखविता आला असता.

मला जे सुचले नाही, ते रशियातील एका शाळामास्तरास सुचले होते. कॉन्स्टंटिन त्सिओल्कोव्स्की (१८५७–१९३५) हा लहानपणी आजारपणामुळे जवळजवळ बहिरा झाला. त्याचे शालेय शिक्षण खुंटले, तेव्हा तो ग्रंथालयात बसून स्वतःच शिकला आणि पुढे बोरोव्स्क व कालुगा या लहान गावांत गणिताचा शिक्षक म्हणून त्याने आयुष्य काढले. अंतराळप्रवासाच्या विचाराचे पहिले बीज आपल्या मनात व्हर्नच्या कथांनी पेरले, असे त्याने स्वतः नमूद केले आहे. परंतु तो कथेवर लुब्ध होऊन थांबला नाही. तोफेने हे काम होणार नाही हे त्याने हिशेबाने जाणले, आणि वेग एका क्षणात न देता सावकाश कसा देता येईल याचा विचार करीत तो अग्निबाणाच्या तत्त्वापर्यंत पोहोचला. १९०३ साली त्याने अग्निबाणाच्या साहाय्याने अंतराळाचा शोध घेण्यासंबंधीचा आपला निबंध प्रसिद्ध केला. अग्निबाणशास्त्राचे एक मूळ तेथे आहे. त्याने स्वतः विज्ञानकथाही लिहिल्या, हेही ध्यानात घेण्यासारखे आहे. कथेतील चूक हीच त्याच्या अभ्यासाची सुरुवात ठरली. कथा निर्दोष असती तर कदाचित ती वाचून त्याने मिटून ठेवली असती.

आपल्या महाराष्ट्रात याच संबंधाचे दुसरे टोक पाहावयास मिळते. डॉ. जयंत विष्णु नारळीकर (१९३८–२०२५) हे कोल्हापूरला जन्मलेले जगन्मान्य खगोलशास्त्रज्ञ. केंब्रिजमधील त्यांचे गुरू फ्रेड हॉईल हे स्वतः विज्ञानकादंबरीकार होते. त्यांची ‘द ब्लॅक क्लाउड’ ही कादंबरी १९५७ची. नारळीकर १९७२ साली स्वदेशी परतून मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रुजू झाले. पुढे अहमदाबादच्या एका परिषदेत कंटाळवाणे व्याख्यान चालू असता समोरच्या कागदांवर त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा लिहावयास घेतली. (आपल्या शिक्षण परिषदांतही कोणी असे काही लिहीत असल्यास त्यास अडवू नये.) मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ सालच्या कथास्पर्धेसाठी ती पाठविताना आपल्या नावाचा परीक्षकांवर प्रभाव पडू नये म्हणून त्यांनी आद्याक्षरे उलटी करून ‘नारायण विनायक जगताप’ हे नाव घेतले, आणि हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नी मंगला नारळीकर यांच्याकडून लिहवून घेतली. कथेस पहिला क्रमांक मिळाला. याच मंगलाताई गणिताच्या अभ्यासक व लेखिका होत्या, आणि बालभारतीच्या गणितविषयक समितीमुळे त्यांचे नाव आपणांपैकी पुष्कळांना परिचित आहे.

आपल्या दृष्टीने यातील महत्त्वाची गोष्ट बक्षीस ही नव्हे. ज्याच्या हाती खरे विज्ञान होते, त्यालाही ते सामान्य वाचकाच्या मनात उतरविण्यासाठी कथेची वाट धरावीशी वाटली, ही होय. कथेतील विज्ञान काढून घेतले तर कथाच उभी राहू नये, असा त्यांचा आग्रह असे. ही कसोटी आपण ग्रंथपेटीतील कोणत्याही पुस्तकास लावून पाहावी. जेथे यान काढून तेथे उडता गालिचा ठेवला तरी काही बिघडत नाही, ती कथा मनोरंजक असेल, पण विज्ञानाच्या तासाला तिचा उपयोग मर्यादित आहे.

अशा कथेचा माग काढीत गेल्यास तो वर्गापर्यंत येतो. जड पदार्थाजवळ काळ मंद गतीने चालतो, हे आइन्स्टाइनचे म्हणणे कृष्णविवरांच्या कथांत वाचताना मुलांना निव्वळ कल्पना वाटते. पण आपल्या भ्रमणध्वनीवर रस्ता दाखविणारे जे उपग्रह आहेत, ते पृथ्वीपासून दूर असल्यामुळे, आणि त्यांच्या वेगाचा उलट परिणाम वजा करूनही, त्यांच्यावरील घड्याळे भूमीवरील घड्याळांच्या पुढे जातात. हा फरक दररोज सेकंदाच्या दहा लाखांश भागांपैकी सुमारे ३८ भाग इतका असतो. प्रकाश सेकंदाला ३ लाख किलोमीटर जातो. तेव्हा ही दुरुस्ती केली नाही तर एका दिवसात अंतराच्या मोजणीत ११ किलोमीटरांहून अधिक चूक साचेल. गुणाकार मुलांकडूनच करून घ्यावा; ‘गोष्टीतले’ शास्त्र आपल्या खिशात आहे हे त्यांना उत्तराबरोबरच कळते.

शोध न घेता केवळ अद्भुताची चटक लागली, तर काय होते, तेही सांगितले पाहिजे. २ एप्रिल २०२२ रोजी, गुढीपाडव्याच्या सायंकाळी, आकाशातून पेटते तुकडे जाताना महाराष्ट्रात अनेकांनी पाहिले, आणि चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात लाडबोरी येथे धातूचे सुमारे तीन मीटर व्यासाचे कडे पडले. भ्रमणध्वनीवरून उडत्या तबकड्यांच्या वार्ता तत्काळ फिरू लागल्या. तज्ज्ञांच्या मते तो एका चिनी अग्निबाणाचा अवशेष असावा. तबकडी म्हणणाऱ्यांनी चित्रपट पाहिले होते. प्रश्न मात्र विचारला नव्हता.

गोष्टीच्या आधाराने हिशेब शिकविण्याची रीत आपल्या भागास नवी नाही. शेजारच्या चाळीसगाव तालुक्यात पाटणादेवीच्या परिसरात इ. स. १२०७च्या सुमाराचा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी मठ स्थापिला, हे त्यावरून कळते. त्या ग्रंथांपैकी ‘लीलावती’त असा एक प्रश्न आहे: नऊ हात उंच खांबावर मोर बसला आहे, खांबाच्या पायथ्याशी सापाचे बीळ आहे, आणि साप सत्तावीस हातांवरून बिळाकडे येत आहे. मोराने तिरकी झेप घेतली व दोघांनी सारखेच अंतर कापले, तर गाठ बिळापासून किती हातांवर पडेल? उत्तर बारा हात. मोर व साप हा कथेचा भाग. पण मुलाला दोरी व खुंट्या देऊन हे अंगणात पडताळता येते. याच लीलावतीविषयी घटिकापात्रात मोती पडून लग्नघटिका चुकल्याची जी कथा आपण मुलांना सांगतो, ती ग्रंथात नाही. १५८७ सालच्या फैजीच्या फारसी भाषांतरातून ती पसरली. तीही सांगावी, परंतु यांतील कोणती गोष्ट मोजून पाहता येते आणि कोणती येत नाही, हे मुलांनाच विचारावे.

माझ्याकडून अनुभवाने एक छोटी सोय झाली, तीच येथे नमूद करतो. ग्रंथपेटीबरोबर एक साधी वही ठेवली आहे. पुस्तक परत करताना मुलाने त्यातील ‘खरेच असे होईल का?’ असा निदान एक प्रश्न वहीत लिहावा, एवढाच नियम आहे. सारांश किंवा बोध लिहावयाचा नाही. शनिवारी त्यांतील एक प्रश्न फळ्यावर घ्यावयाचा. सर्व उत्तरे मला येतात असे नाही. तसे मुलांना सांगण्यास प्रारंभी संकोच वाटे, आता वाटत नाही. चांद्रयान-३ १४ जुलै २०२३ रोजी निघून २३ ऑगस्टला चंद्रावर उतरले, तेव्हा एकाने लिहिले, “गोष्टीतला गोळा चार दिवसांत जातो, मग आपल्या यानाला चाळीस दिवस का?” झोक्यावर बसलेला मुलगा एकेक हेलकावा वाढवीत जसा वर जातो, तसे थोडक्या इंधनात कक्षा वाढवीत यान गेले, हे शाळेसमोरील कडुलिंबाच्या झोक्यावरच त्या शनिवारी दाखविले.

वहीतील अलीकडचा प्रश्न पाचवीतील एका मुलीचा आहे: “कृष्णविवराजवळ शाळा भरली तर सुटीची घंटा उशिरा होईल का?” त्याखाली मी एवढेच लिहिले, “कोणाच्या घड्याळाने?” शनिवार यायचा आहे. तोपर्यंत त्या पानावर आणखी चौघांनी आपापली मते लिहिली आहेत, आणि दोघांची एकमेकांशी बोलाचाली बंद आहे.