शकुंतला पडद्यावर का येईना?

मूर्तिजापूरहून अचलपूरला आणि यवतमाळला जाणारी शकुंतला तुम्ही पाहिली आहे का? अडीच फूट रुंदीच्या रुळांवरची ती चिमुकली गाडी आता धावत नाही. १९९४ पर्यंत तिला वाफेचं इंजिन होतं. आमच्या सातवीच्या मुलांनी ठरवलं, ते इंजिन कॉम्प्युटरवर उभं करायचं! ब्लेंडर नावाचा प्रोग्रॅम फुकट मिळतो, त्यात असली चित्रं करता येतात. पण शाळेचा कॉम्प्युटर पडला जुना. ब्लेंडर उघडलं की पाटी यायची, ‘तुमचं ग्राफिक्स कार्ड किंवा ड्रायव्हर चालणार नाही.’

हे कार्ड कशाला लागतं? आपल्या पडद्यावर आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके असतात. करा गुणाकार! २०,७३,६०० झाले ना? आणि चित्र हलतं दिसायला ते सेकंदाला ६० वेळा रंगवायचे. एवढी गणितं एकट्या प्रोसेसरला झेपत नाहीत. कार्डावर शेकडो छोटे गणिती एकाच वेळी कामाला लागतात.

गावातून वर्गणी जमली. अकोल्याच्या एका दुकानातून जुनं पण चालू कार्ड आणलं. मुद्दाम लहानसं घेतलं. कार्ड ज्या खाचेत बसतं, तिच्यातून जास्तीत जास्त ७५ वॅट वीज मिळते. मोठ्या कार्डांना वेगळी वायर जोडावी लागते, आणि आमच्या पॉवर सप्लायला ती नव्हतीच.

प्लग काढला. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावून अंगातली स्थिर वीज घालवली. एका मुलानं कार्ड खाचेत दाबलं. खट्ट! बटण दाबलं, तर पडदा काळा. ‘नो सिग्नल’.

पोराचा चेहरा पडला. “सर, माह्या हातानंच जयलं का जी ते?”

पंखा तर फिरत होता. मग मागं पाहिलं. मॉनिटरची केबल अजून जुन्याच जागी! नवं कार्ड बसलं की पुष्कळ कॉम्प्युटरांत जुनी जागा बंद होते. केबल कार्डाला लावली आणि चित्र आलं. टाळ्या झाल्या. पण अक्षरं भली मोठी, धूसर. आणि ब्लेंडरची पाटी तीच.

“वापस देऊन टाकू ना जी,” एक जण म्हणाला. दुसरा म्हणाला, विंडोजच नव्यानं टाकू. मी म्हटलं, थांबा, पाटी पुन्हा वाचा. कार्ड ‘किंवा ड्रायव्हर’. डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाचं नावच नव्हतं, ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर’ एवढंच होतं.

ड्रायव्हर म्हणजे दुभाषा, बरं का. मेळघाटात नवे गुरुजी गेले आणि मुलं कोरकू बोलणारी असली, तर दोन्ही भाषा येणारा कुणीतरी लागतोच. विंडोजपाशी कामचलाऊ चार शब्द असतात, म्हणून धूसर का होईना, चित्र दिसतं.

आता चूक माझी. मोबाइलच्या इंटरनेटवरून घाईघाईत सगळ्यात नवा ड्रायव्हर उतरवला. तो म्हणे, माझ्याजोगं कार्ड इथं नाही! नव्या ड्रायव्हरांतून जुनी कार्डं वगळलेली असतात. मुलांनी कार्डावरच्या चिठ्ठीवरून मॉडेल नंबर वाचला; कंपनीच्या संकेतस्थळावर त्याचा जुना ड्रायव्हर सापडला. तो अर्धा चढला, आणि लाईन गेली!

लाईन आल्यावर पडदा नुसता लुकलुकत होता. अर्धवट चढलेला ड्रायव्हर म्हणजे अर्धं वाक्य बोलून उठून गेलेला दुभाषा. मग कॉम्प्युटर सेफ मोडमध्ये सुरू केला. तिथं विंडोज आपल्या चार शब्दांवरच चालतं. अर्धवट ड्रायव्हर पुसला, कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू केला, मग तोच ड्रायव्हर पूर्ण चढवला. एका मुलीनं प्रत्येक पायरी वहीत लिहून ठेवली होती, म्हणून काय झालं आणि काय राहिलं, यावर वाद झाला नाही.

ब्लेंडर उघडलं. कार्ड बसवणाऱ्या पोरानं माउस हातात घेतला आणि इंजिनाचं पहिलं चाक गोल फिरवून दाखवलं. मग लगेच म्हणतो, “सर, आता धूर कसा काढावा जी? माहे आबाजी म्हणतात, धुराबिगर शकुंतला कशाची!”

ते मलाही येत नव्हतं. आम्ही दोघंही तिथंच बसून शोधायला लागलो.