बंदुकीची दुर्बीण आणि मुलाचा डोळा

कोल्हापूर जिल्ह्याच्या राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे याने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक मिळवले. त्याआधी २०१० साली कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंत म्युनिक येथे ५० मीटर प्रोन प्रकारात विश्वविजेत्या ठरल्या होत्या. अशा यशामुळे लहान गावांतील मुलेही आता नेमबाजीकडे वळू लागली आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे. मात्र दवाखान्यात पालक हमखास एक प्रश्न विचारतात, “डॉक्टर, पोराला एअर रायफल घेतली आहे. तिच्यावर दुर्बीण कोणती बसवू?”

हा प्रश्न डॉक्टरला कशासाठी, असे कोणी म्हणेल. पण दुर्बिणीच्या एका टोकाला लक्ष्य असते, तसा दुसऱ्या टोकाला डोळा असतो. तो डोळा कसा आहे हे न पाहता घेतलेली दुर्बीण कितीही महागडी असली तरी उपयोगाची नाही.

आधी प्रकार ठरवा

ऑलिंपिकमधील रायफल प्रकारांत बंदुकीवर दुर्बीण लावण्यास परवानगी नाही. तेथे मागे बारीक छिद्राची चकती आणि पुढे गोल कडे असते. स्वप्नीलचे पदकही अशाच छिद्रातून नेम धरून आलेले आहे. तेव्हा मुलाला त्या वाटेने जायचे असेल तर दुर्बिणीचा खर्च करण्यापूर्वी प्रशिक्षकाला विचारावे. टेकूवर बंदूक ठेवून करायची नेमबाजी, ‘फील्ड टार्गेट’ आणि क्लबमधील काही हौशी स्पर्धा यांत मात्र दुर्बीण वापरली जाते. पुढील माहिती त्यांच्यासाठी आहे.

दुर्बीण चष्म्याचा नंबर लपवते

नववीत शिकणाऱ्या एका मुलाला घेऊन त्याचे वडील आले होते. मुलाचे डोके दुखत असे. बोलता बोलता विषय नेमबाजीवर आला. वडील म्हणाले, “डोळे एकदम तेज आहेत, डॉक्टर. दुर्बिणीतून छर्ऱ्याचं भोकसुद्धा सांगतो. नुसत्या माशीनं मात्र नेम चुकतो, म्हणून आता मोठी दुर्बीण घ्यायची म्हणतोय.” दुधाच्या बिलातून त्यांनी त्यासाठी पैसे बाजूला काढले होते.

मी मुलाला भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता वाचायला लावला. खालच्या चार ओळी त्याला वाचता आल्या नाहीत. मग पुठ्ठ्याला टाचणीने पाडलेल्या छिद्रातून वाचायला सांगितले, तेव्हा त्यातल्या दोन ओळी त्याने घडाघडा वाचल्या. छिद्रातून स्पष्ट दिसते याचा अर्थ बहुधा डोळा निरोगी असतो, फक्त त्याला चष्मा हवा असतो. नेत्रतज्ज्ञांकडे पाठवल्यावर दोन्ही डोळ्यांना उणे दीडचा नंबर निघाला. वर्गात तो वर्षभर पहिल्या बाकावर सरकून बसत होता. घरी कोणाच्या ते लक्षात आले नव्हते.

मग दुर्बिणीतून स्पष्ट कसे दिसत होते? दुर्बिणीच्या डोळ्याकडील बाजूस एक फिरते कडे असते. ते फिरवले की लघुदृष्टी किंवा दूरदृष्टीचा नंबर बऱ्याच अंशी भरून निघतो. त्यामुळे दुर्बिणीतून छान दिसणे हा डोळे चांगले असल्याचा पुरावा नाही. शिवाय तिरक्या नंबराचा, म्हणजे सिलिंड्रिकल दोष या कड्याने जात नाही. त्याला चष्माच लागतो. त्या वडिलांनी मोठ्या दुर्बिणीचा बेत सोडला आणि चष्मा करून दिला. मुलाला फळा दिसू लागला आणि नेमही सुधारला.

याहून महत्त्वाची गोष्ट दुसरी. एखादे मूल एका डोळ्याने नेम धरूच शकत नसेल तर त्याला रागावू नका. तो डोळा जन्मापासून कमजोर असू शकतो. यालाच आळशी डोळा म्हणतात. सात-आठ वर्षांपर्यंत उपचार सुरू झाले तर उत्तम गुण येतो. पुढे तो कमी होत जातो. दोन्ही डोळे उघडे असताना चांगला डोळा सगळे काम करतो, म्हणून हा दोष वर्षानुवर्षे कळत नाही.

नेम कोणत्या डोळ्याचा?

जसा उजवा-डावा हात, तसाच आपला एक डोळा प्रमुख असतो. दोन्ही हात लांब करून तळव्यांमध्ये रुपयाएवढी खिडकी करा आणि दोन्ही डोळे उघडे ठेवून तिच्यातून दूरची एखादी वस्तू पाहा. आता एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्याने वस्तू जागेवर दिसते तो प्रमुख डोळा. उजव्या हाताच्या मुलाचा डावा डोळा प्रमुख असेल तर बंदूक कोणत्या खांद्याला लावायची हे प्रशिक्षकाशी बोलून सुरुवातीलाच ठरवावे. दुसरा डोळा घट्ट मिटू नये. त्याने चेहऱ्याचे स्नायू ताणले जातात आणि नेमाच्या डोळ्याची बाहुलीही मोठी होते. त्याऐवजी त्या डोळ्यापुढे दुधी रंगाची पट्टी लावावी.

किती मोठे दिसावे?

दुकानदार ‘चोवीस पट’ म्हणाला की ग्राहक खूश होतो. पण चित्र मोठे होते तसा हाताचा कंप, श्वास आणि नाडीचा ठोकाही मोठा दिसतो. मूल गोंधळते आणि घाईने चाप ओढते. १० ते २५ मीटरसाठी चार ते नऊ पट पुरेसे आहे.

उजेडाचाही हिशेब आहे. पुढच्या भिंगाच्या व्यासाला पटीने भागले की डोळ्यापर्यंत येणाऱ्या प्रकाशझोताची जाडी कळते. ४० मिलिमीटरचे भिंग आणि दहा पट, म्हणजे ४ मिलिमीटर. चोवीस पट केल्यास ती दोन मिलिमीटरच्याही खाली जाते. उन्हात बाहुली दोन ते चार मिलिमीटर असते, सायंकाळी ती मोठी होते. अशा वेळी बारीक झोताचे चित्र अंधूक वाटते, आणि डोके जरा हलले तरी काळी सावली येते.

स्प्रिंगच्या एअर रायफलीला मागे आणि पुढे असे दोन्ही धक्के बसतात. साधी दुर्बीण त्याने बिघडते. म्हणून एअर रायफलसाठीचीच आणि १० मीटरपर्यंत स्पष्ट करता येणारी दुर्बीण घ्यावी. मोठ्या रायफलीच्या बऱ्याच दुर्बिणी १०० यार्डांसाठी जुळवलेल्या असतात. त्यांतून जवळचे लक्ष्य धूसर दिसते.

बसवण्याचा क्रम

१. बंदूक रिकामी असल्याची स्वतः खात्री करा.

२. मुलाला डोळे मिटून, नेहमीच्या पद्धतीने गाल दस्त्यावर टेकवायला सांगा. डोळे उघडताच सावलीविना पूर्ण गोल दिसला पाहिजे. तसा दिसेपर्यंत दुर्बीण मागेपुढे सरकवा. डोळा आणि दुर्बीण यांत साधारण ८ ते १० सेंटिमीटर अंतर हवे. चष्मा असेल तर तो लावूनच हे पाहा. जोराचा धक्का देणाऱ्या रायफलीची दुर्बीण फार जवळ असली तर भुवई फुटते.

३. काही अंतरावर ओळंबा टांगा आणि दुर्बिणीतील उभी रेघ त्या दोरीशी जुळवा. मग स्क्रू आलटून पालटून, थोडे थोडे आवळा.

४. पांढऱ्या भिंतीकडे दोन-तीन सेकंदच पाहा, नजर काढा, कडे थोडे फिरवा, पुन्हा पाहा. रेघा पहिल्या क्षणीच ठसठशीत दिसल्या पाहिजेत. टक लावून पाहिल्यास मुलाचा डोळा स्वतः ताण घेऊन रेघा स्पष्ट करतो आणि मग डोके दुखते. चाळिशी लागलेल्या वडिलांच्या डोळ्याने जुळवलेली दुर्बीण मुलाला चालत नाही. ज्याचा डोळा, त्यानेच जुळवावी.

५. बंदूक टेकूवर ठेवून डोके किंचित हलवा. फुली लक्ष्यावरून सरकत असेल तर अंतराचे कडे फिरवून ती स्थिर करा.

६. वाळूच्या पिशवीवरून पाच छर्रे मारा. एका छर्ऱ्यावर निर्णय घेऊ नका, पाचांचा मध्य धरा. पाव मिनिटाच्या दुर्बिणीत एका टिकटिकीने २५ मीटरवर सुमारे १.८ मिलिमीटरचा फरक पडतो. मध्य १८ मिलिमीटर खाली असेल तर दहा टिकटिकी वर. अंतर बदलले की हे पुन्हा तपासावे लागते.

धोक्याच्या गोष्टी

दुर्बिणीतून सूर्याकडे क्षणभरही पाहू नये, पडदा कायमचा भाजतो. झाडावरचा पक्षी किंवा रस्त्यावरचा माणूस पाहण्यासाठी ही दुर्बीण नाही, कारण तिच्याबरोबर नळीही तिकडे वळते. छर्रा दगड किंवा लोखंडावरून उलटतो, म्हणून नेमबाजाने आणि पाहणाऱ्यांनीही न फुटणारे चष्मे घालावेत. मुलांजवळ मोठे माणूस हवेच. छर्रे शिशाचे असतात, तेव्हा खेळून झाल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय काही खाऊ नये. पॉइंट टू टू रायफलीला शस्त्रपरवाना लागतो आणि कानांना संरक्षणही लागते.

डोळ्याला छर्रा लागलाच तर डोळा चोळू नये, दाबू नये, धुऊ नये, औषध घालू नये. कागदी पेला वरून हलकेच ठेवून चिकटपट्टी लावावी, खायला-प्यायला न देता थेट नेत्ररुग्णालय गाठावे. शस्त्रक्रिया लागू शकते आणि तेथे वेळ मोलाचा असतो.

तेव्हा पालकहो, दुर्बिणीच्या दुकानात जाण्याआधी मुलाला नेत्रतज्ज्ञांकडे न्या आणि एकेक डोळा स्वतंत्र तपासून घ्या. नंतर वर्षातून एकदा ही तपासणी चालू ठेवा. नेमबाजी मुलाने चार वर्षांनी सोडलीही तरी डोळे त्याला जन्मभर वापरायचे आहेत.