चौपट बिंदू, तेच डोळे

दूरचित्रवाणीचा नवा संच घ्यावयास निघालेल्या गृहस्थापुढे आज किमतीच्याही आधी जो आकडा ठेवला जातो तो बिंदूंचा असतो, आणि हा आकडा जितका मोठा तितके चित्र सरस, हे विक्रेत्याइतकेच ग्राहकानेही मनोमन गृहीत धरलेले असते. फुल एचडी म्हणजे आडवे 1920 आणि उभे 1080 पिक्सेल, एकूण सुमारे 21 लाख. फोर-के म्हणजे 3840 गुणिले 2160, एकूण सुमारे 83 लाख. आणि एट-के म्हणजे 7680 गुणिले 4320, एकूण 3 कोटी 31 लाखांहून अधिक. प्रत्येक पायरीला संख्या चौपट होत जाते. 1972 साली मुंबई केंद्र सुरू झाले तेव्हा 625 रेषांच्या, आणि त्यांतल्याही 576च प्रत्यक्ष चित्राच्या वाट्याला येणाऱ्या, कृष्णधवल प्रक्षेपणावर ज्या पिढीने तृप्त मनाने संध्याकाळी घालविल्या, तिला ही प्रगती अद्भुत वाटावी यात नवल नाही. परंतु पडद्यावरील बिंदू चौपट झाले म्हणून पाहणाऱ्याची दृष्टी चौपट होत नाही आणि दिवाणखान्यातला कोचही आपोआप पुढे सरकत नाही. म्हणून या खर्चाचा हिशेब संचापासून नव्हे, डोळ्यापासून मांडावयास हवा.

नेत्रवैद्याकडे भिंतीवर टांगलेला अक्षरांचा जो तक्ता आपण सर्वांनी वाचला आहे, तो हर्मन स्नेलेन या डच वैद्याने 1862 मध्ये तयार केला, आणि त्याच्या मुळाशी असा सिद्धान्त आहे की निकोप डोळ्याला एका अंशाच्या साठाव्या भागाएवढा, म्हणजे एक कला एवढा, तपशील पृथक् ओळखता येतो. हे माप पडद्याला लावून पाहावे. 55 इंची पडद्याची रुंदी सुमारे 122 सेंटिमीटर. तिच्यात 1920 पिक्सेल बसविले तर एकेक पिक्सेल अर्ध्या मिलिमीटरहून किंचित मोठा होतो, आणि पाहणारा सुमारे सात फुटांवर गेला की तो एका कलेत सामावून जातो. फोर-केच्या बाबतीत हेच अंतर साडेतीन फूट होते आणि एट-केच्या बाबतीत दोन फुटांच्याही आत येते. मध्यमवर्गीय घरात कोच आणि पडदा यांत आठ-दहा फुटांचे अंतर सहज असते. मग दोन फुटांवरून दिसणारी सूक्ष्मता दहा फुटांवर बसलेल्या कुटुंबाला विकण्यात काय हशील?

न्यायाने दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. केंब्रिज विद्यापीठातील संशोधकांनी 2025 मध्ये प्रसिद्ध केलेल्या मापनानुसार, काळ्या-पांढऱ्या तपशिलाच्या बाबतीत डोळ्याची मर्यादा अंशाला 60 पिक्सेल नसून सुमारे 94 पिक्सेल भरते. म्हणजे स्नेलेनच्या मापापेक्षा आपले डोळे बरेच तीक्ष्ण आहेत. या नव्या मापाने 55 इंची फुल एचडी पडद्याची मर्यादा सात फुटांवरून अकरा फुटांपर्यंत जाते, आणि आठ-नऊ फुटांवर बसलेल्या तरुण डोळ्यांना फोर-केमधील बारीक अक्षरे, साडीचा काठ किंवा दूरच्या डोंगरावरील झाडी अधिक रेखीव दिसते हा दावा निराधार ठरत नाही. तथापि फोर-केची मर्यादाही त्याच मापाने साडेपाच फुटांच्या आसपास येते, त्यामुळे तिच्यापलीकडच्या एट-केला त्या कोचावरून कोणतीही मुभा मिळत नाही. त्याच संशोधनात रंगांच्या बाबतीत, विशेषतः पिवळा आणि जांभळा यांच्या भेदात, हीच मर्यादा बरीच खाली, अंशाला सुमारे 53 पिक्सेलपर्यंत, उतरलेली आढळली. चित्र पाठविणाऱ्या यंत्रणा डोळ्याच्या या दुबळेपणाचा फायदा पूर्वीपासूनच घेत आल्या आहेत: घरी येणाऱ्या फोर-के चित्रात उजेड-अंधाराचा तपशील पूर्ण असतो, पण रंगाची नोंद आडवी-उभी निम्मी करूनच पाठविलेली असते, म्हणजे रंगापुरते ते चित्र मुळी फुल एचडीच असते.

येथवर पडद्याचा विचार झाला. माझ्या मते खरा प्रश्न पडद्याचा नाहीच. तो पडद्यापर्यंत दर सेकंदाला किती माहिती पोहोचते याचा आहे. सेकंदाला 25 चौकटींचे फुल एचडी चित्र काटछाट न करता पाठवावयाचे तर सेकंदाला सुमारे 1244 मेगाबिट लागतील. नेटफ्लिक्स त्यासाठी 5 मेगाबिट वेगाची जोडणी पुरेशी मानते. फोर-केला सुमारे 4976 मेगाबिट लागतील; शिफारस 15 ची आहे. अर्थात पहिल्या चित्राचा अडीचशेवा भाग आपल्या घरी येतो, तर दुसऱ्याचा तीनशेतिसावा. ही किमया साधते ती संक्षेपणाने: मागच्या चौकटीतले जे बदलले नाही ते पुन्हा पाठवावयाचे नाही, जे सरकले त्याची फक्त दिशा कळवावयाची. 2003 च्या एच.264 नंतर 2013 मध्ये एच.265 आणि 2018 मध्ये एव्ही1 आले आणि ही विद्या उत्तरोत्तर काटकसरी झाली. वृत्तनिवेदकाच्या मागची भिंत तासभर तशीच राहते, म्हणून तेथे थोडक्यात भागते. पण अनंत चतुर्दशीच्या मिरवणुकीचे थेट प्रक्षेपण पाहावे. गुलालाचा लोट उठतो, त्याचा कण न् कण वेगळ्या दिशेने उडत असतो, हजारो हात वर गेलेले असतात, पाऊस भुरभुरत असतो. मागच्या चौकटीतले काहीच पुढच्या चौकटीच्या उपयोगी पडत नाही. मग त्या लालिम्याचे चौकोनी ठोकळे होतात, चेहरे पुसट होतात, ढोल वाजविणाऱ्याची बोटे एकमेकांत विरघळतात, आणि संचाच्या कोपऱ्यात मात्र फोर-के ही अक्षरे झळकत राहतात. एकाच बादलीतला चुना चौपट भिंतीला फासला तर तो पातळच लागणार. म्हणूनच सेकंदाला 40 मेगाबिटपर्यंत माहिती देणारी फुल एचडी ब्लू-रे तबकडी आंतरजालावरून येणाऱ्या फोर-के चित्राच्या तोडीस तोड, आणि धूर, पाऊस, गर्दी यांच्या प्रसंगी काकणभर सरसही दिसू शकते.

ज्यांना चित्रपट उतरवून ठेवावयाचा आहे त्यांना हा जमाखर्च अधिकच झोंबतो. सेकंदाला 15 मेगाबिट धरले तर अडीच तासांचा चित्रपट सुमारे 17 जीबी जागा घेतो, तर 5 मेगाबिटने साडेपाच-सहा जीबीत भागते. दिवसाला 2 जीबी मिळणाऱ्या मोबाइल योजनेवर फोर-के चित्रपट पाहू गेल्यास अठरा मिनिटांत त्या दिवसाचा साठा संपतो. बरे, पाहावयाचे ते साडेसहा इंची फोनवर. तेथे हातभर अंतरावरून 720 रेषांचे चित्रसुद्धा स्नेलेनच्या मापाने डोळ्याच्या मर्यादेशी येऊन ठेपते. फोनसाठी फोर-के उतरविणे हा निव्वळ अपव्यय होय, असे मी निःशंकपणे म्हणतो.

आणि तरीही पुष्कळ प्रामाणिक प्रेक्षक सांगतात की फोर-के लावताच चित्र उजळले. त्यांचा अनुभव खोटा नाही. त्याचे श्रेय मात्र चुकीच्या खाती जमा होते. फोर-के प्रवाहाबरोबर बहुधा एचडीआरही येते. त्यात प्रत्येक रंगाच्या 256 ऐवजी 1024 छटा नोंदविता येतात आणि प्रखर उजेड व गडद अंधार एकाच चौकटीत नांदू शकतात. समईच्या ज्योतीभोवती पसरत जाणारा प्रकाश जुन्या पद्धतीत पट्ट्यापट्ट्यांनी विटत जातो, तो येथे अखंड मावळतो. हा फरक दहा फुटांवरूनच काय, पंधरा फुटांवरूनही दिसतो, कारण त्याचा पिक्सेलच्या आकाराशी संबंधच नाही. संच निवडताना पैसे मोजावयाचे ते याच्यासाठी, पडद्याचा काळा रंग खरोखर काळा आहे की राखाडी याच्यासाठी.

एट-केचा प्रयोग सर्वांत निष्ठेने केला तो जपानने. तेथील एनएचके या सार्वजनिक संस्थेने अनेक वर्षे संशोधन करून 1 डिसेंबर 2018 रोजी एट-के उपग्रहवाहिनी सुरू केली आणि आरंभी दाखविण्यासाठी 65 मिलिमीटर फिल्मवर चित्रित झालेला ‘2001: अ स्पेस ओडिसी’ निवडला. निवड विचारपूर्वक होती. एवढा तपशील पुरविणारी मूळ सामग्रीच जगात थोडी. या शतकाच्या पहिल्या दोन दशकांतील असंख्य चित्रपटांचे अंतिम संस्करण 2048 पिक्सेल रुंदीत झाले आहे, आणि आजही अनेक चित्रपटगृहांतील प्रक्षेपक तेवढ्याच रुंदीचे चित्र चाळीस फुटी पडद्यावर टाकतात. अशा चित्रपटाची फोर-के प्रत म्हणजे त्याच चित्राचा यंत्राने केलेला विस्तार. मुळात नसलेले त्यात कोठून येणार? घरी प्रक्षेपक लावून 100 इंची चित्र दहा फुटांवरून पाहणाऱ्या रसिकाची गोष्ट निराळी: तेथे स्नेलेनच्या मापानेही फुल एचडीची मर्यादा तेरा फुटांवर असल्याने, फोर-के त्याला स्पष्ट जाणवेल.

मोठ्या रेझोल्यूशनची खरी गरज आहे ती अस्सल जतन करताना, नकलेच्या वेळी नव्हे. श्याम बेनेगल यांचा 1976 चा ‘मंथन’ गुजरातच्या पाच लाख दूधउत्पादकांनी दोन-दोन रुपये घालून उभा केला होता. त्याची 35 मिलिमीटरची मूळ निगेटिव्ह पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात जपलेली होती. तिच्यावरून फिल्म हेरिटेज फाउंडेशनने फोर-के पुनरुज्जीवन केले आणि 2024 मध्ये ते कान महोत्सवात दाखविले गेले. फिल्म दरवर्षी थोडी आकसते, रंग उडतो, आंबूस वास सुटू लागतो, आणि पुन्हा स्कॅन करण्याची संधी मिळेलच असे नाही. तेथे बिंदूंची कंजुषी अक्षम्य ठरेल. घरातल्या बारशाचे किंवा आजीच्या तोंडच्या ओव्यांचे चित्रण करताना फोनवर फोर-के ठेवावे असे मी सुचवितो ते याच कारणाने, मग मिनिटाला 60 एमबीऐवजी 170 एमबी का खर्च होईनात. फोर-केमध्ये टिपलेल्या अस्सलावरून उतरविलेली फुल एचडी प्रत थेट फुल एचडीत टिपलेल्या चित्रापेक्षा अधिक स्वच्छ येते, कारण तिच्या प्रत्येक पिक्सेलमागे मूळचे चार पिक्सेल उभे असतात. त्यामुळे संग्रहालयात ओतलेल्या त्या बिंदूंचा लाभ सहा जीबीची साधी प्रत उतरवून घेणाऱ्या प्रेक्षकालाही मिळतोच.