गंज बाहेरचा, धोका आतला

गेल्या पावसाळ्यानंतरच्या एका रविवारची गोष्ट. राजगुरुनगरला आमच्या गल्लीच्या तोंडाशी शेजारचा मुलगा आपल्या गाडीचे पुढचे चाक काढून बसला होता. बाजूला लाल रंगाचा छोटा डबा, एक ब्रश आणि जुने वर्तमानपत्र. हा मुलगा चाकणच्या एका कारखान्यात ठेकेदाराकडे कामाला आहे. आईला दर महिन्याला पिंपरीला दवाखान्यात न्यावे लागते. एस. टी. आणि रिक्षा बदलताना त्या माउलीचे हाल होतात, म्हणून त्याने पैसे साठवून, थोडे कर्ज काढून अकरा वर्षांची जुनी वॅगन-आर घेतली. घरात आलेली पहिली चारचाकी! तिचे कौतुक सगळ्या गल्लीला होते.

"काय चालले आहे?" आम्ही विचारले.

"काका, चाकाच्या आत बघा किती गंज चढलाय. साहेबांच्या गाडीचे कॅलिपर कसे लालभडक दिसतात. म्हटले आपणही रंगवू."

आम्ही कारकुनी करणारा माणूस. जमाखर्चाची वही आम्हाला समजते, मोटारीचे यंत्र नाही. पण घरातून चहा घेऊन आलेली त्याची पत्नी जे बोलली ते आमच्या कानात राहिले. ती म्हणाली, "रंग द्या हो, पण परवा मंचरहून येताना खेड घाट उतरलो तेव्हा माझ्या बाजूने करपल्यासारखा वास येत होता. मी सांगितले तर म्हणालात, पुढच्या ट्रकचा असेल."

आम्ही तिथूनच गल्लीतल्या मिस्त्रीकाकांना हाक मारली. त्यांची सगळी नोकरी पिंपरीच्या एका मोटार कारखान्यात गेली. निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली, तरी पाना हातात आला की वय विसरतात. ते आले, उकिडवे बसले आणि म्हणाले, "बाळा, रंगाचे झाकण लाव. आधी हात लावून बघू."

पुढच्या तासाभरात आम्ही जे शिकलो ते वाचकांपुढे ठेवावे म्हणून हा लेख. आज आपल्या वस्त्यांमधून जुन्या गाड्या येत आहेत. कुणी कुटुंबासाठी घेतो, कुणी कंपनीच्या पाळीला माणसे नेण्यासाठी. रविवारी घरीच चार कामे करून पैसे वाचवावेत ही इच्छाही रास्त आहे. पण ब्रेक म्हणजे दाराची कडी नव्हे, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

कॅलिपर म्हणजे काय?

आपल्याकडच्या बहुतेक लहान गाड्यांना पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक आणि मागच्या चाकांना ड्रम ब्रेक असतात. पुढच्या चाकाबरोबर लोखंडाची एक तबकडी फिरते, ती डिस्क. आपण सांडशीने पातेल्याचा काठ पकडतो, तशी ही फिरती तबकडी दोन्ही बाजूंनी पकडणारी लोखंडी सांडशी म्हणजे कॅलिपर. सांडशीच्या दोन्ही ओठांना जे घासले जाणारे तुकडे असतात, ते पॅड.

ही कल्पना नवी नाही. इंग्लंडमध्ये फ्रेडरिक लँचेस्टर यांनी १९०२ साली डिस्क ब्रेकचे पेटंट घेतले. १९५३ साली फ्रान्समधील ल मांची २४ तासांची शर्यत जग्वार गाडीने डिस्क ब्रेकच्या जोरावर जिंकली, तेव्हा जगाचे लक्ष तिकडे गेले. आज आपल्या चाकण पट्ट्यात मोटारी बनतात, आणि ब्रेकसाठी नावाजलेल्या ब्रेम्बो या इटालियन कंपनीचा कारखानाही इथेच आहे. म्हणजे ज्या वस्तूचे जगाला अप्रूप होते ती वस्तू आपली मुले रोज हाताळतात. तिचे ज्ञान मात्र कारखान्याच्या फाटकाबाहेर आपल्या गल्लीपर्यंत यायला हवे.

लहान गाडीच्या कॅलिपरमध्ये दट्ट्या एकच, आणि तोही आतल्या बाजूला असतो. पाय दाबला की तेलाच्या दाबाने दट्ट्या आतला पॅड तबकडीवर दाबतो. मग सबंध कॅलिपर दोन पिनांवर थोडा सरकतो आणि बाहेरचा पॅडही तबकडीवर ओढला जातो. या दोन पिनांवर रबरी टोपणे असतात, आत ग्रीस असते. टोपण फाटले, पाणी शिरले, ग्रीस वाळले की पिन गंजते आणि कॅलिपर सरकेनासा होतो.

या गाडीचे नेमके तेच झाले होते. मिस्त्रीकाकांनी डाव्या चाकाचा कॅलिपर हाताने हलवून पाहिला. उजवीकडचा सरकला, हा हलेना. बाहेरचा पॅड जाडजूड होता. आतला काढून पाहिला तर घासला जाणारा भाग जवळजवळ संपलेला, पत्र्यापर्यंत आलेला! चाक न काढता बाहेरून डोकावणाऱ्याला सगळे छान दिसले असते. आमच्या वहीच्या भाषेत सांगायचे तर ताळेबंद जुळत होता, पण तिजोरी कुणी उघडलीच नव्हती.

सूनबाईंना वास का आला, तेही कळले. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो. डाव्या चाकाच्या जवळ बसलेली तीच होती. अडकलेला पॅड तबकडीला सतत घासत होता आणि तिथेच तापत होता. मिस्त्रीकाका मुलाला म्हणाले, "गाडीत बसलेल्या माणसाचे नाक हेही एक मीटर आहे. घरच्या बाईने सांगितले ते ऐकायचे असते."

मुलगा खाली मान घालून बसला. तो रंग त्या दिवशी दिला गेला असता, चाक बसवले गेले असते, आणि पुढल्या आठवड्यात त्याच गाडीतून आई पिंपरीला गेली असती.

मग गंजाला रंग द्यायचाच नाही का?

द्यावा, जरूर द्यावा. कॅलिपर बहुधा बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा असतो. लोखंड, पाणी आणि हवेतला प्राणवायू एकत्र आले की गंज धरतो. पावसाळ्यात उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाडीला तो लवकर धरतो. वरवरचा तांबूस गंज पाहून घाबरायचे कारण नाही. त्याने ब्रेक निकामी होत नाही. तबकडीवर एका रात्रीत येणारा गंज तर पहिल्या चार-दोन ब्रेकमध्येच पुसला जातो. पण पापुद्रे सुटू लागले आणि गंज रबराच्या कडेपर्यंत पोचला, की वेळीच साफ करून रंग दिलेला बरा. मिस्त्रीकाकांनी सांगितलेली रीत अशी :

गाडी सपाट, कठीण जमिनीवर लावावी. हँडब्रेक ओढून गिअरमध्ये ठेवावी. मागच्या चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावावेत. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल करावेत, मगच जॅक लावावा. नुसत्या जॅकच्या भरवशावर कधीही काम करू नये, खाली मजबूत लोखंडी स्टँड असलाच पाहिजे. विटा किंवा दगड रचून त्यावर गाडी टेकवू नये. वीट भाराखाली अचानक फुटते. लहान मुलांना लांब ठेवावे.

ब्रेकची काळी धूळ तोंडाने किंवा हवेच्या नळीने फुंकू नये. पूर्वी पॅडमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस वापरीत, त्याच्या धुळीने फुफ्फुसाचा कर्करोग होतो. स्वस्तातल्या सुट्या पॅडमध्ये काय आहे याची खात्री आपल्याला कोण देणार? नाकातोंडावर मास्क बांधून, पाण्याने ओली करून धूळ धुवावी आणि फडके टाकून द्यावे.

मग तारेच्या ब्रशने आणि पॉलिश पेपरने गंज खरवडावा. तेलकटपणा काढायला ब्रेक क्लीनर नावाचा फवारा मिळतो, नाहीतर साबणाचे पाणी चालते. आपल्याकडे पेट्रोलने किंवा रॉकेलने धुण्याची सवय आहे. ती इथे मोडली पाहिजे. ब्रेकचे रबर पेट्रोल, रॉकेल, डिझेल लागले की फुगते आणि खराब होते. रबर खराब झाले की तेल गळते, तेल गळाले की ब्रेक गेला.

रंग साधा ऑइलपेंट घेऊ नये. घाट उतरताना तबकडी काहीशे अंश सेल्सिअसपर्यंत तापू शकते आणि तिची धग कॅलिपरला लागते. साधा रंग जळतो, फुगतो, त्याचे पापुद्रे निघतात. कॅलिपरसाठी उष्णता सोसणारा वेगळा रंग येतो, डब्यावर अंश छापलेले असतात. घरी फवाऱ्यापेक्षा ब्रश बरा, कारण फवारा नको तिथे उडतो. पातळ दोन-तीन हात द्यावेत, दोन हातांमध्ये डब्यावर सांगितलेला वेळ जाऊ द्यावा, आणि पूर्ण वाळल्याशिवाय चाक चढवू नये.

रंग कुठे लागता कामा नये

हा भाग ताईंनी आणि दादांनी कात्रण करून ठेवावा. तबकडीच्या पृष्ठभागावर रंग नको. पॅडवर नको, आणि पॅड ज्या खाचांत सरकतात तिथेही नको. पिनांवर, रबरी टोपणांवर, दट्ट्यावर नको. तेलातली हवा काढायच्या छोट्या निपलवर नको, नाहीतर पुढे ती उघडणार नाही. चाक जिथे टेकते त्या चकतीवर नको, कारण तिथे रंगाचा थर राहिला तर तो दबतो आणि नट सैल होऊ शकतात. या सर्व जागा मास्किंग टेपने झाकाव्यात. चुकून तबकडीला रंग लागलाच तर ब्रेक क्लीनरने लगेच पुसावा. पॅडला लागला तर पॅड बदलावेत.

कॅलिपर सोडवून रंगवायचा असेल तर तो तारेने वर टांगावा, रबरी नळीवर लोंबकळू देऊ नये. नळी उघडायची नाही. ती उघडली की आत हवा शिरते, आणि ती काढणे हे मिस्त्रीचे काम आहे.

चाक बसवताना नट समोरासमोरचे असे आळीपाळीने आवळावेत. गाडी हलवण्यापूर्वी ब्रेकचे पेडल टणक लागेपर्यंत अनेकदा दाबावे. ही पायरी विसरू नये. दट्ट्या मागे ढकलला गेला असेल तर पहिल्या दाबाला ब्रेक लागतच नाही, पेडल खाली जाते. नंतर मोकळ्या मैदानात हळू चालवून पाहावे. पन्नास-शंभर किलोमीटरनंतर नट पुन्हा तपासावेत.

ब्रेकच्या तेलाबद्दलही मिस्त्रीकाकांनी दोन शब्द सांगितले. ते तेल हवेतली ओल शोषते. नवे डॉट ३ तेल २०५ अंशांच्या आत उकळत नाही, पण ओल शोषलेले १४० अंशांच्या आसपासही उकळू शकते. घाटात तेल उकळले की वाफ होते, आणि वाफ दाबली जाते, मग पेडल दाबूनही ब्रेक लागत नाही. म्हणून साधारण दोन वर्षांनी तेल बदलावे. हेच तेल रंगालाही खाते. सांडले तर लगेच पाण्याने धुवावे.

कागदावर ब्रेक दिसत नाही

जुनी गाडी घेताना आपण काय बघतो? आर. सी., विमा, पीयूसी. पीयूसी धूर मोजते, ब्रेक मोजत नाही. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, तिच्या फेरनोंदणीच्या वेळी सरकारी तपासणी होते. म्हणजे अकरा वर्षांच्या गाडीचा ब्रेक तपासणारा तुमच्याशिवाय कुणी नाही. विकणाऱ्याने कॅलिपर चकचकीत रंगवून दिला असेल तर आनंद मानू नका. चारही चाके काढून दाखवायला सांगा. आतला पॅड बघा, पिना हलवून बघा, रबराभोवती ओल आहे का बघा. ओल असेल तर ती गाडी तशी चालवूच नका.

त्या दिवशी त्या मुलाने रंगाचा डबा घरात ठेवला. सोमवारी पाळी संपल्यावर गाडी न चालवता गॅरेजवाल्यालाच घरी बोलावले. दोन्ही चाकांचे पॅड बदलले, कारण पॅड एका बाजूचे बदलायचे नसतात. पिना नव्या घातल्या, ग्रीस भरले. पॅडच्या संचाला दोनेक दिवसांच्या हजेरीइतके पैसे गेले. त्यानंतरच्या रविवारी त्याने कॅलिपर रंगवले. लाल रंग छान बसला आहे. चाकावर प्लास्टिकची टोपी असल्याने तो कुणाला दिसत नाही, हा भाग वेगळा!

आता घाट उतरून गाडी थांबली की सूनबाई आधी उतरतात, आणि दोन्ही पुढच्या चाकांजवळ, न शिवता, तळहात धरून पाहतात. एका चाकाची धग दुसऱ्यापेक्षा जास्त वाटली तर गाडी पुढे जायची नाही, असा त्यांच्या घरचा नियम झाला आहे. मुलगा हसत नाही. तोही उतरून शेजारी उभा राहतो.